तारीखवाले

अमेरिकेत साठी-सत्तरीच्या घरातला एक माणूस हमखास भेटतो. पांढऱ्या केसांची मागे बांधलेली शेपटी, पोटावर ताणून बसलेला सप्तरंगी टी-शर्ट, त्यावर कवटी आणि कवटीत वीज. पेशाने तो दंतवैद्य असतो, कर सल्लागार असतो, क्वचित न्यायाधीशही निघतो. हा 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडचा भक्त. जग त्याला डेडहेड म्हणतं. मी तारीखवाला म्हणतो, कारण गाण्यांविषयी बोलायला गेलं की हा फक्त तारखा बोलतो.

"पाच-आठ-सत्त्याहत्तर ऐकलंयस?" हा त्याचा रामराम. आपण मनातल्या मनात ऑगस्ट गाठेपर्यंत तो ८ मे १९७७ च्या रात्री पोचलेलाही असतो. इथाका गाव, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल, मे महिना असून बाहेर बर्फ. लग्न कधी झालं विचारा, "ब्रेंट आल्यावर लगेच." ब्रेंट म्हणजे १९७९ साली बँडमध्ये आलेला कीबोर्डवादक. धाकटी मुलगी कधीची? "विन्सच्या काळातली." विन्स १९९० सालचा. बखरकारांनी शक मोजले, याने कीबोर्डवाले मोजले.

अर्थात, तारखांना कारण आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या बँडने १९९५ च्या ऑगस्टमध्ये त्याचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया जाईपर्यंत २,३०० च्या वर कार्यक्रम केले. कालचा क्रम आज नाही, आणि कालचं गाणं आज आलंच तरी दुप्पट लांब. वर श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मोकळीक! १९८४ पासून तर या मंडळींसाठी वेगळी तिकिटं आणि वेगळी जागा. तिथे माणसांपेक्षा उंच काठ्या, काठ्यांवर मायक्रोफोन. टेप विकायची नाही, द्यायची. समोरच्याने कोऱ्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा, एवढाच व्यवहार. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी कॉपी, आणि प्रत्येक पिढीगणिक खरखर वाढलेली. तारीखवाल्याच्या तळघरात अशा कॅसेटांच्या भिंती असतात. तो टेप ऐकवण्याआधी तिची वंशावळ ऐकवतो: ही मूळ टेपपासून तिसऱ्या पिढीची. आपल्याकडे सोयरीक जमवतानाही इतकं खोलात जात नाहीत.

आणि मग रेकॉर्ड कंपनी जुन्या मैफलींच्या सीडींची पेटी काढते.

खरं म्हणजे त्याच्या जन्माचं सार्थक व्हायला हवं. इतकी वर्षं हा ओरडतच होता की, तिजोरीतल्या टेपा बाहेर काढा. त्याचं आराध्य म्हणजे डिक लाटवाला. हा मुळात टेपा जमवणारा वेडा श्रोता, पुढे बँडच्या तिजोरीचाच राखणदार झाला आणि १९९३ पासून 'डिक्स पिक्स' या नावाने निवडक मैफली बाहेर येऊ लागल्या. मात्र पेटीची घोषणा झाली की तारीखवाल्याचा चेहरा उतरतो. काल जे फक्त त्याच्या तळघरात होतं, ते उद्या कुणाच्याही दिवाणखान्यात येणार. दिवाणखाना असलेल्या कुणाच्याही!

कॉर्नेलचंच पाहा. ते ध्वनिमुद्रण बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांचं. त्यांच्या टेपा भाड्याच्या गोदामात पडून होत्या, भाडं थकलं आणि १९८६ साली त्यांचा लिलाव झाला. म्हणजे जी मैफल गावभर झाली होती, ती वर्षानुवर्षं बँडच्या स्वतःच्याच तिजोरीत नव्हती! अखेर २०१७ साली त्या आठवड्यातल्या चार मैफलींची ११ सीडींची पेटी आली. जुन्या टेपयंत्राचा वेग मागेपुढे झाला, तर टेपेत राहून गेलेल्या बायस सिग्नलवरून तो चढउतार शोधून सरळ करण्याचं तंत्र आता आहे. तेही या पेटीसाठी वापरलं होतं. तारीखवाल्याने ऐकलं आणि मान हलवली. "गार्सिया दमल्यासारखा वाटतोय." त्याची कॅसेट कैक वर्षं अंमळ जोरात पळत होती. तोच त्याचा गार्सिया. खरा गार्सिया त्याच्या कानाला आळशी वाटणारच.

दुसरी तक्रार याहून खोल आहे. त्याच्या एका लाडक्या टेपेत, ऐन शांत जागी, मायक्रोफोनजवळचा कुणीतरी शेजाऱ्याला संडास कुठे आहे म्हणून विचारतो. कंपनीची प्रत थेट साउंडबोर्डवरून घेतलेली, तिच्यात हा माणूस नाही. "मैफल साफ केली," तारीखवाला हळहळतो, "पण माणसं काढून टाकली." ती जागा आली की तो स्वतःच तो प्रश्न विचारतो, त्याच सुरात. घरातल्या कुणालाही आता त्याचं उत्तर द्यावंसं वाटत नाही.

मी मुंबईचा आहे असं कळल्यावर हा गृहस्थ एकदम खुर्ची जवळ ओढतो. झाकीर हुसेन! डेडचा ड्रमर मिकी हार्ट अल्लारखाँसाहेबांकडे शिकला, झाकीरभाईंबरोबर १९७६ साली 'दिगा' आणि १९९१ साली 'प्लॅनेट ड्रम' केलं, हे सगळं तो मलाच सांगतो. मग डोळे बारीक करून विचारतो, "तू ऐकलंयस त्यांना?" ऐकलंय की, दादरला. "तारीख?" थंडीचे दिवस होते, म्हटलं. त्याने खुर्ची परत मागे नेली.

पण सगळ्यात पाहण्यासारखं प्रकरण म्हणजे २०११ ची ट्रंक. १९७२ सालच्या युरोप दौऱ्यातल्या २२ च्या २२ मैफली, ७३ सीडी, आणि त्या ठेवायला जुन्या बोटीच्या प्रवासात नेत तशी छोटी ट्रंक. प्रती ७,२०० आणि किंमत ४५० डॉलर. गाणी बरीचशी तीच ती, पण असं म्हणणाऱ्याला या घरात चहा मिळत नाही. ट्रंका भराभर संपल्या. मग कंपनीने, तेच सगळं संगीत हवं असणाऱ्यांसाठी, ट्रंकेविना नुसत्या सीडींची आवृत्ती काढली. झालं, समाजात दोन जाती पडल्या. जी गोष्ट सर्वांची झाल्याने तारीखवाला कष्टी होता, ती आता पुन्हा थोडक्यांची झाली. संगीत सगळ्यांना मिळो बापडं. ट्रंक ७,२०० जणांनाच. २०१५ साली ८० सीडींची पेटी आली, दर वर्षातली एक अशा ३० मैफलींची. तिच्या प्रती तर ६,५०० च. त्या वेळी तो पेटीत काय आहे हे विचारायच्या आधी प्रती किती आहेत हे विचारत होता.

मी पाहिलेल्या एका घरात ट्रंक फायरप्लेसवर होती, देवासारखी. त्या संध्याकाळी त्याचा जुना टेपमित्र आला होता, बिनट्रंकवाल्यांपैकी. यजमानांनी त्याला ट्रंक लांबून दाखवली, बिजागरीचं कौतुक केलं, तुझ्याकडे नाही ना, अशी दोनदा खात्री करून घेतली. मित्राने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, शेवटची रात्र लाव की, लंडनची, लायसियम थिएटर.

यजमान जरा घुटमळले. "ही फोडलेली नाही रे अजून," ते म्हणाले. "तुझ्या गाडीत असेल ना? आण."