पनीरचा वेढा

बीड जिल्ह्यातल्या धारूरचा किल्ला १६व्या शतकातल्या आदिलशाहीचा. त्याचे बुरूज ढासळले. गावातल्या हॉटेलाच्या ‘फॅमिली रूम’चा पडदा मात्र अजून अभेद्य आहे. आत मेनूकार्डावर पनीरच्या भाज्या पानभर, रस्सा सगळ्यांना एकच. ज्वारीच्या मुलखात भाकरी मागितली, की वेटर पाहुण्याकडं दयेनं बघतो, “तंदुरी रोटी हाय की, साहेब!”

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हॉटेलवाल्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. बालाघाटातलं हे फळ रबडी होऊन पुण्यात काचेच्या वाटीतून मिरवतं. इथं हंगामात रस्त्याकडेच्या पाटीसमोर उकिडवं बसून खायचं. ऊसतोडीला निघालेल्यांची भाकरी फडक्यातच बरी. आम्ही चायनीजच्या गाडीवर शेजवान वाढवून मागतो.