सोळा जिनसांची आत्या

लातूरहून सुटणाऱ्या नांदेड गाडीत खिडकीशी एक बाई बसलेली असते. मांडीवर वायरची पिशवी, पायाशी दोन आणि शेजारच्या सीटवर चौथी. कंडक्टर विचारतो, "मावशी, हितं कोण बसलंय?"

"लेकराचं सत्त्व हाय."

"मग तिकीट काढा त्याचं."

"अर्धं दे. लेकराचंच हाय की."

ही माझी आत्या. पण ती एकट्या माझीच आहे, असं म्हणायची सोय नाही. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली की अशा आणखी दोन-तीन आत्या, मावश्या, आज्या चढतात. त्यांच्याही पिशव्यांतून भाजलेल्या पिठाचा वास येत असतो. लोहा येईपर्यंत गाडीत सभा भरते, आणि नांदेडात शिरेपर्यंत ड्रायव्हरलासुद्धा नाचणीचं सत्त्व पाठ झालेलं असतं : भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, निवळू द्यायची, वरचं पाणी काढून वाळवायची.

आमच्याकडे मार्चमध्ये मुलगी झाली. पहिले सहा महिने आत्याचा नाइलाज होता. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं की सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी नाही, घुटी नाही, मधाचं बोटसुद्धा नाही. मध तर वर्षाचं होईपर्यंत नाहीच. आत्यानं मान डोलावली, लातूरला गेली आणि तिथं तिनं तयारी सुरू केली. सप्टेंबरात उष्टावण झालं. मामानं अंगठीनं खिरीचं बोट लावलं, बायकांनी ओवाळलं, आणि निरांजन खाली ठेवायच्या आत आत्यानं डब्याचं झाकण उघडलं.

डब्यात सोळा जिनसा होत्या. ज्वारी, गहू, तांदूळ, बाजरी, नाचणी. तूर, मूग, मसूर, हरभरा, मटकी, हुलगा. सोयाबीन, शेंगदाणे, जवस, तीळ आणि बदाम.

"सोळाच का, आत्या?" मी विचारलं.

"सोमवार किती असतेत? सोळा. शृंगार किती? सोळा. मग लेकराच्या तोंडात कामून कमी जावं?"

हे पीठ करणं म्हणजे खेळ नव्हे. एकेक धान्य धुऊन सावलीत वाळवायचं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ तडतडून मोकळे होतात तेव्हा हुलगा अजून ऊबच खात असतो. सोयाबीन तर खरपूस होईपर्यंत उतरवायचंच नाही. कच्चं राहिलं तर पचत नाही. गव्हाला मोड आणायचे, ते उन्हात सुकवायचे, मग मंद भाजायचे. इथवर आत्या शास्त्रज्ञ असते. पुढं गिरणी येते आणि तिथं तिचा छळवाद सुरू होतो.

लातुरातला तिचा गिरणीवाला लांबून ती वायरची पिशवी दिसली की पट्टा उतरवतो आणि "लाइट गेलीय" म्हणतो. त्याच्या डोक्यावर पंखा फिरत असतो. त्याचंही चूक नाही. शेंगदाणे, जवस, तीळ गिरणीत गेले की दगड तेलकट होतो, पीठ चिकटून बसतं आणि पुढच्या चार गिऱ्हाइकांच्या भाकरीला जवसाचा वास येतो. तो हात जोडून सांगतो, "तेलाचं तेवढं मिक्सरला काढा, मावशी." आत्या म्हणते, "मिक्सरचं पीठ लेकराच्या घशाला टोचतंय." शेवटी दुपारी दोनला, गिरणी साफ करायच्या वेळी, सगळ्यांचं दळून झाल्यावर तिचं दळायचं, असा तह झालेला आहे. दोन्ही बाजू तो पाळतात, कारण आत्या दळणाचे पैसे द्यायच्या आधी त्याच्याही नातवाचं वय विचारून घेते.

डॉक्टरबाईंना डबा दाखवला तेव्हा त्यांनी वास घेतला, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण सोळा एकदम नको. नवीन पदार्थ एकेक सुरू करायचा, तीन दिवस बघायचं. पुरळ आलं, पोट बिघडलं तर कशानं ते कळायला पाहिजे."

आत्यानं बोटं मोजली. "सोळा तिरी अठ्ठेचाळीस. म्हंजे पुरा पगार व्हायला लेकरानं दीड महिना वाट बघायची?"

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा टाकल्या. १ ते ३ तांदूळ, ४ ते ६ मूग, ७ ते ९ ज्वारी. चौथ्या दिवशी आधीच्याची उजळणी. लातूर पॅटर्न आम्ही दहावी-बारावीच्या पोरांसाठी ऐकला होता. सात महिन्यांच्या मुलीला तो लागू झालेला प्रथमच पाहिला. सकाळी नऊला पहिला पेपर, दुपारी साडेबाराला दुसरा, संध्याकाळी तोंडी.

तोंडीत विद्यार्थिनी नापास. ती ओठ असे मिटून घ्यायची की जिल्हा बँकेचं शटरही इतकं घट्ट बसत नसेल. दोन चमचे जायचे, तिसरा आत्याच्या चष्म्यावर यायचा. उरलेलं खिमट वाटीत राहायचं. आणि आत्याच्या राज्यात उरलेलं टाकता येत नाही. पहिला हक्क बाळाचा, दुसरा बाळंतिणीचा, आणि तिघींनी नाकारलेलं सगळं माझं. "तिघी कोण?" असं विचाराल तर तिसरी मोलकरीण, तिनं पहिल्याच दिवशी उपवास धरला.

हळूहळू घराचा स्वयंपाकच बाळाच्या मापानं व्हायला लागला. पोळीत सोळा जिनसा, थालीपिठात सोळा जिनसा, धपाट्यात सोळा जिनसा. एका रविवारी आमटी दाट झाली म्हणून चव घेतली, तर त्यात येसर नव्हता, बाळाचं पीठ होतं. तिखट नाही, मीठ नाही, कारण वर्षाच्या आतल्या लेकराला मीठ-साखर द्यायची नसते हे डॉक्टरांचं वाक्य आत्यानं छत्तीस वर्षांच्या पुतण्यालाही लावलं. मी कुरकुर केली तर म्हणाली, "तुलाबी तसा दात कुठं आलाय अजून. अक्कलदाढ विचारलालेय मी."

डाळीच्या पाण्यावरून तर रणच पेटलं. आत्याचा वरणाच्या वरच्या पाण्यावर फार विश्वास. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाण्यात काही नसतं हो. खालची घट्ट डाळ कुसकरून द्या, वर तूप सोडा." आत्या घट्ट डाळीला तयार झाली, पण पाणी ओतून द्यायला तयार होईना. "दोन हजार सोळाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंय लातूरला. रेल्वेचं पाणी पिलेली बाई हाय मी. मोरीत ओतू व्हय डाळीचं?" तेव्हापासून ते पाणी रोज रात्री स्टीलच्या ग्लासात मला मिळतं.

अंगणवाडीच्या ताईंनी वजन केलं तेव्हा काटा आठ किलोच्या जवळ थांबला. कार्डावर ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला. आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडे पाहून हसलो. आत्यानं चष्मा पुसून कार्ड जवळ घेतलं.

"हिरव्यात हाय, पण पिवळ्याच्या शेजारीच हाय की."

"आजी, जन्माच्या वजनाच्या पाचव्या महिन्यात दुप्पट, वर्षाला तिप्पट, असं बघायचं. तुमचं लेकरू अगदी छान चाललंय," ताई म्हणाल्या.

"वाळलालंय," आत्या म्हणाली.

ताई जुन्या, त्यांनी वाद घातला नाही. आत्याचा आणि अंगणवाडीचा हा संसार फार जुना आहे. दोन्ही १९७५ च्या. आत्याचं लग्न उन्हाळ्यात झालं आणि अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबरला सुरू झाली; त्यामुळे थोरलेपणाचा मान आत्या सोडत नाही. जाताना ताईंनी तिला एकच प्रश्न विचारला : "मोडाच्या गव्हाचं पीठ वेगळं काढून ठेवता का हो?" आणि आत्याचा चेहरा उजळला.

कारण इथं ती खरी होती. लेकराचं पोट एवढंसं. आठ किलोच्या पोरीच्या पोटात एका वेळी पाव लिटरच्या आतच मावतं. खीर पातळ केली तर पोट पाण्यानं भरतं, घट्ट केली तर गिळवत नाही. आत्या घट्ट खिरीत मोड आलेल्या गव्हाचं चमचाभर पीठ टाकते, आणि पाण्याचा थेंब न घालता खीर बघता बघता सैल होते. मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारं विकर तयार होतं, त्याची ही करामत. आत्या म्हणते, "कोंब फुटला की दाणा लेकराचं ऐकतोय." धान्यात जे कमी ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते धान्यात, म्हणून दोन्ही एका ताटात हवीत, हेही तिला कुणी शिकवलेलं नाही. "भाकरीला वरण का लागतंय? नुसती जाईना म्हणून?" एवढंच तिचं पाठ्यपुस्तक.

एकदा तिला सचखंड गुरुद्वाऱ्यात नेलं. लंगरमध्ये पंगतीत बसली. सेवादारानं डाळ वाढली. आत्यानं बोट बुडवून चाखली आणि त्याला थांबवलं, "बाबा, डाळ रातीच भिजवलाव का?" मागं हजारांची रांग. तो बिचारा मराठी समजला की नाही कोण जाणे. हात जोडून त्यानं आणखी एक पळी वाढली. आत्या घरी येऊन दोन दिवस सांगत होती, "एवढ्या माणसाला घालतेत, पर डाळ घट्ट हाय. पाणी काढून ठिवत न्हाईत."

मी एकदा वैतागून विचारलं, "आत्या, पीठच का? ताजं काही करून दे ना. सगळं डब्यात का कोंबतेस?"

तिनं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. खडी फोडायला जायचो कामावर. मिलोच्या लाल भाकरी खायचो, नरड्याखाली उतरायची न्हाई. तिथं सुकडी मिळायची. ओंजळीत घ्यायची, कोरडीच तोंडात टाकायची. धाकटा भाऊ होता कडेवर. त्येला मी लाळेत भिजवून चारायची." थोडं थांबून ती म्हणाली, "तुझा बाप."

मग मी रात्रीच्या ग्लासाबद्दल बरेच दिवस बोललो नाही. ज्या घरात पिठाचा डबा भरलेला आहे, त्या घराला दुष्काळ सापडत नाही, हा तिचा हिशोब. त्यात प्रथिनं, लोह हे पुढं येऊन बसलेले पाहुणे. सोळा जिनसांतली एक संपली तरी पंधरा उरतात. पंधरा संपायला वेळ लागतो, तोवर पाऊस येतो.

डिसेंबरात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. लातुरात त्या दिवशी शहराला कुलूप असतं. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं गाव शेतात. आम्हीही नांदेडहून आत्याच्या शेतावर गेलो. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, बाहेर बिंदगीत आंबील. ताक, ज्वारीचं पीठ, लसणाचा वास. भल्या मोठ्या पातेल्यात भज्जी, शेजारी ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर.

आत्यानं बाळासाठी डबा आणलाच होता. चूल मांडून खिमट केलं, गार केलं, वाटी घेऊन बसली. पोरगी आता रांगत होती. तिनं वाटीकडे पाठ फिरवली, धसकटं चुकवत आत्याच्या पत्रावळीपर्यंत गेली आणि सरळ भज्जीत हात घातला. पाच बोटं तोंडात. तोंड वाकडं केलं, मिरची लागली असावी. आम्ही धावलो. तर तिनं दुसरा हात घातला.

आत्या बघत राहिली. मग तिनं उंडा फोडला, भज्जीतले मऊ शिजलेले तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे मिरची बाजूला करून वेचले, चिमटीत कुसकरले आणि आंबिलीच्या दोन थेंबांत भिजवून पोरीच्या तोंडापुढं धरले. शटर उघडलं. एक घास, दुसरा, पाचवा. आठवा घास झाल्यावर माझी बायको हळूच म्हणाली, "आत्या, आपण जेवतो तेच कुसकरून मागत होती की ती."

आत्या काही बोलली नाही. भज्जीकडे एकटक बघत ती बोटं मोजायला लागली. "तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभरा, पावटा, वालाच्या शेंगा, भुईमूग… मेथी, पालक, चुका, कांद्याची पात… गाजर, वांगं, बोर, चिंच… बेसन, तीळ."

दोन्ही हातांची बोटं संपून सहा पुन्हा मोडलेली होती.

"सोळा!" आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत मला ओळखीचा उजेड दिसला आणि पोटात धस्स झालं. तिनं पदराला हात पुसला, कमरेचा फोन काढला आणि धुऱ्यावर उभी राहून गिरणीवाल्याला लावला.

"भज्जी वाळवून आणली तर दळतोस का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. येळवशीच्या दिवशी तोही कुठल्या तरी शेतात जेवत असणार. मग स्पीकरवर त्याचा आवाज आला :

"आणा मावशी. पर आंबील तेवढी आणू नका."