सिंबाचे बाबा

आयुष्यभर बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना आता सोसायटीत कोणी आडनावाने ओळखत नाही. ते सिंबाचे बाबा. बी विंगेत ब्रूनोचे बाबा आहेत, तळमजल्यावर कोकोचे, गोत्र एकच. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मुलाने लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, तेव्हा 'या घरात एक तर कुत्रं राहील, नाहीतर मी' असं ठणकावणारे हेच. पुढे मुलगा शिकायला परदेशी गेला आणि हे दोघे राहिले. त्यातला एक आता पलंगावर झोपतो आणि दुसऱ्याला कडेला जागा मिळते.

असा श्वानपिता आयुष्यात एकदा तरी घरात गेट बसवायला निघतोच. निमित्त बहुधा दिवाळीचं असतं. काकूंनी परातीत बेसनाचे लाडू वळून ठेवलेले असतात, प्रत्येकावर एकेक बेदाणा. पाठ वळते आणि परात चाटून लख्ख होते. मग डॉक्टरांकडे धावाधाव, कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर उठू शकतात. कांदा, लसूण, चॉकलेटही वर्ज्य. आता मराठी स्वयंपाकघरातून कांदा-लसूण वजा केला तर चातुर्मास उरतो, आणि तो काही बारा महिने पाळता येत नाही. तेव्हा कुत्र्यालाच बाहेर ठेवणं आलं. पूर्वी स्वयंपाकघराला दार होतं. 'ओपन' वाटावं म्हणून नूतनीकरणात ते काढून टाकलं, तेही यांनीच.

बाबांनी विषय हाती घेतला की तो कर्जप्रकरणासारखा तडीस जातो. फाइल उघडते. पहिल्या पानावर कारणमीमांसा : केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं, की साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात फरक असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. "आमचा त्या चौघांतला एक," बाबा सांगतात. तपासणी वगैरे काही झालेली नाही. पण सांगताना चेहरा मुलगा मेरिटमध्ये आल्यासारखा.

दुसऱ्या पानावर मोजमापं. दाराची रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची असते आणि सर्वांत कमी भरेल ती खरी धरायची. इथे टेपचं दुसरं टोक काकूंच्या हातात आणि टेपखालून सिंबा. वर 76 सेंटिमीटर, खाली 74, कारण स्कर्टिंग पुढे आलेलं. बाजारातलं तयार गेट बहुधा 75 पासून पुढे सुरू होतं, अरुंद हवं तर वेगळं शोधावं लागतं. एक सेंटिमीटरसाठी बाबा बिल्डरला पुन्हा एकदा शिव्या घालतात.

मग प्रकार. नुसत्या दाबावर बसणारं गेट घ्यावं तर भिंतीला भोकं पडत नाहीत. पण चौकट पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची, आणि त्यावर तीस किलोचं कुत्रं अंगानिशी येऊन आदळणार. स्क्रूवर बसवायचं तर ग्रॅनाइटला ड्रिल मारावं लागणार. लाकडी घडीचं सुंदर दिसतं, पण त्याच्या चौकोनांत कुत्र्याची मान अडकू शकते. जाळीचं गेट स्वस्त म्हणून शेजाऱ्यांनी दोन दिवस वापरायला दिलं. अंतरपाट धरावा तसं ते दारात धरलेलं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत नवरदेव पलीकडे. शेवटी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. त्याने एक नजर टाकली आणि विचारलं, "कुत्र्यासाठी? मग साखळी बांधा ना." त्याला चहा न देता पाठवण्यात आलं.

अखेर अरुंद मापाचं तयार गेट शोधून आणलं. लोखंडी, पांढरं, स्क्रूवर बसणारं, 76 सेंटिमीटर उंच, आपोआप बंद होणारं. अंगठ्याने खटका मागे ओढायचा आणि मग दार वर उचलायचं. हे कुत्र्याला जमत नाही हे खरंच; पण संधिवाताने आखडलेला आजींचा अंगठाही कुत्र्याच्याच गटात बसतो. शिवाय चौकटीचा खालचा दांडा जमिनीपासून दोन बोटं वर. पहिल्याच दिवशी आजींचा पाय अडखळला. "अरे, उंबरा होता तो तू काढलास," त्या आपल्या मुलाला, म्हणजे बाबांना, म्हणाल्या, "आणि आता पैसे मोजून लोखंडाचा आणलास?" काकूंच्या दोन्ही हातांत चहाचा ट्रे असतो तेव्हा त्या गेटपाशी उभ्या राहून हाका मारतात.

आणि सिंबा? लॅब्रॅडॉरला एवढी उंची उडी मारून सहज पार करता येते. त्याने प्रयत्नही केला नाही. तो गेटपलीकडे बसला, हनुवटी पुढच्या पायांवर टेकली आणि बाबांकडे पाहिलं. थोडा वेळ बाबांनी वर्तमानपत्र वाचल्याचं दाखवलं. मग एक बारीक कुंई ऐकू आली. "त्याला वाटतंय आपण त्याला टाकलं," असं म्हणत बाबा उठले, खटका ओढला आणि दार नव्वद अंशांच्या पुढे ढकललं. तिथपर्यंत गेलं की ते उघडंच राहतं. ही सोय त्यांनी माहितीपुस्तिकेत आधीच अधोरेखित करून ठेवली होती.

माझं मत विचाराल तर या माणसाला गेट कधी हवंच नव्हतं. त्याला 'नाही' म्हणणारं कोणीतरी हवं होतं. मुलाला जन्मभर 'नाही' म्हणून झालं, तेव्हा कंटाळा आला नाही. कुत्र्यापुढे मात्र जीभ उचलत नाही, म्हणून ते काम लोखंडाकडे सोपवलं.

तुम्ही खरोखरच घेणार असाल, तर जिन्याच्या वरच्या टोकाला स्क्रूवरचंच बसवा, दाबावरचं तिथे धोक्याचं. आणि खटका घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बाकी सिंबाच्या घरी चहाला जरूर जा. गेट उघडंच असतं, फक्त आत जाताना पाय उचला.