बांधकोरे

आमचे थोरले चुलते, अण्णा, दरसाल नांगरट करताना शेजाऱ्याच्या बांधाला एखादा तास जास्तीचा मारायचे. वीस वर्षांत बांध बैलगाडीभर सरकला आणि पुढची वीस वर्षं दोन्ही घरं डबे बांधून तालुक्याच्या कोर्टात बसली. अण्णा आज असते तर मी त्यांना महापालिकेत नेऊन प्रारूप प्रभागरचनेचा नकाशा दाखवला असता. एवढा बांध कोरायचा आणि तोही राजपत्रात छापून! त्यांनी नकाशाला हात जोडले असते.

माझं घर तेच आहे. पण २००२ मध्ये मी तिघा नगरसेवकांच्या प्रभागात होतो, २००७ मध्ये एकाच्या, २०१२ मध्ये दोघांच्या, २०१७ मध्ये चौघांच्या. २०१९ च्या अखेरीस सरकारने कायदा करून सांगितलं, एकच बरा. २०२१ मध्ये त्याच सरकारला तिघं बरे वाटले. २०२२ मध्ये सरकार बदललं, पुन्हा चौघं. मुंबईत प्रभाग एकाचाच, म्हणून तिथे आकडा हलवला: २२७ चे २३६, २३६ चे परत २२७. या हिशेबात नगरसेवकांची मुदत संपली आणि खुर्चीवर प्रशासक बसला, तो चांगला मांडी घालून.

१८१२ साली मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याने असल्याच एका रचनेवर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतके वळसे घेत गेला, की बोस्टनच्या वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नखं चितारून सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा प्राणी, केला. त्यातून ‘गेरीमँडर’ शब्द आला. गेरी त्याच वर्षी स्वतः पडला आणि पुढच्या वर्षी देशाचा उपाध्यक्ष झाला, म्हणजे हेही आपल्यासारखंच. आपल्याकडे मात्र सह्या इतक्यांच्या आहेत, की शब्द कुणाच्या नावाने पाडायचा यावरूनच युती आणि आघाडी मोडतील.

नियम आहेत बरं का. रचना उत्तरेकडून सुरू करायची, दक्षिणेत संपवायची. नदी, नाला, रेल्वेरूळ शक्यतो ओलांडायचे नाहीत. आमच्या प्रभागाने नालाही ओलांडला, रूळही ओलांडले आणि पलीकडची एक वस्ती तेवढी कडेवर घेऊन तो परत आला. त्या वस्तीत माजी नगरसेवकांची सासुरवाडी आहे. योगायोग, दुसरं काय.

लोकसंख्या मात्र २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही ना! आमच्या मागे तीन टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. तिथली माणसं घरपट्टी भरतात, टँकर मागवतात, पण नकाशाच्या लेखी तिथे अजून ज्वारीच उभी आहे. मी रीतसर हरकत घेतली. सुनावणीत साहेब म्हणाले, “काका, थोडक्यात सांगा.” मी सांगितलं, “साहेब, ज्वारी मतदान करते.” त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

अंतिम नकाशा लागला. माझी हरकत अंशतः मान्य झाली आहे. ज्वारी शेजारच्या प्रभागात गेली.