तयारी करू राह्यलं

नांदुऱ्यात कुणाच्याही ओट्यावर “पोरगं काय करते?” असं विचारलं, की बहुधा एकच उत्तर येतं, “तयारी करू राह्यलं.” कशाची, हे पुढं कुणी विचारत नाही. पंगतीत बसलेल्या माणसाला भूक कशाची लागली हे विचारायचं नसतं. तयारीतला हा गृहस्थ संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा पदवीधर असतो. विद्यापीठ सुमारे दीडशे किलोमीटरवर, म्हणून त्यानं ते पाहिलेलं असतंच असं नाही. विद्यापीठानंही त्याला फक्त बैठक क्रमांकावरून ओळखलेलं असतं. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका हाती आली, की सहा महिन्यांत त्याला आयुष्य कळू लागतं. वय तेविशीचं, सूर मात्र वानप्रस्थाचा. मोबाईलच्या स्टेटसवर सकाळी कुटुंब, दुपारी मैत्री आणि रात्री अकरानंतर ‘आयुष्यानं शिकवलेले धडे’ असं त्याचं वेळापत्रक ठरलेलं. पैसा येतो आणि जातो, माणसं जपा, असं तो लिहितो. यातला येणारा पैसा त्यानं अजून पाहिलेला नसतो, आणि जाणारा त्याच्या वडिलांनी पाहिलेला असतो.

या माणसाला हसणं सोपं आहे, पण तो तयार कसा होतो ते पाहायला हवं. माझं म्हणणं असं, की त्याला तत्त्वज्ञ पदवी करत नाही आणि आयुष्यही करत नाही. त्याला तत्त्वज्ञ करतं ते थांबणं. कॉलेजात असताना त्याला जीवनाचं सार सुचत नव्हतं, कारण तेव्हा परीक्षा समोर असायच्या. नोकरी लागलेल्यालाही ते सुचत नाही. त्याच्याच बाकावरचा जो तलाठी झाला, तो सातबारा आणि फेरफार यांत असा बुडतो, की त्याच्या स्टेटसवर लेकीच्या वाढदिवसापलीकडं काही दिसत नाही. म्हणजे चिंतन हे मधल्या रिकाम्या पट्ट्यातलं पीक आहे, आणि तो पट्टा लहान नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. राज्यसेवेसाठी वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. तेविसाव्या वर्षी सुरुवात केली, तर किमान पंधरा वर्षांचा चिंतनकाळ शासनमान्य आहे. एवढ्या काळात कुणीही दोन-चार सुविचार करीलच. नांदुऱ्याच्या स्टेशनावरून मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या धडधडत निघून जातात. फलाटावर उभं राहून न थांबणाऱ्या गाड्या मोजणाऱ्याला जग क्षणभंगुर वाटलं, तर त्यात नवल काय?

त्याच्या धड्यांचा पहिला विषय कुटुंब. कुटुंब हेच सर्वस्व, असं तो लिहितो, आणि ते हिशेबानं अक्षरशः खरं असतं. अभ्यासिकेची फी, परीक्षा शुल्क, केंद्र लांबचं आलं तर गाडीभाडं, हे सगळं घरच्या कपाशी-सोयाबीनमधून निघतं. आईवरच्या पोस्टमध्ये सुरकुतलेले हात दिसतात, पण ते कुठल्या तरी परप्रांतीय म्हातारीचे असतात. त्याच्या आईचे हात त्या वेळी कपाशीत असतात, म्हणून ते फोटोला सापडत नाहीत. दुसरा विषय मैत्री. चहाचे पैसे कोण देतो आणि गाडीत पेट्रोल कोण टाकतो, एवढ्यावर तिची चाचणी परीक्षा होते. मुख्य परीक्षा निकालाच्या दिवशी. मित्राचा क्रमांक यादीत येतो, चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, वर मित्र पुरुषभर उंच आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत हा पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्या रात्री तो मैत्रीवर जे लिहितो, ते त्याचं पहिलं स्वतंत्र संशोधन मानायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: एवढा शहाणा आहे, तर शेती का करत नाही? आक्षेप घेणारे वडीलधारे स्वतःच्या मुलीसाठी स्थळ पाहताना पहिला प्रश्न ‘नोकरी आहे का?’ असा विचारतात आणि शेतकरी मुलगा असेल तर पत्रिका जुळत नाही. शेतातून सुटावा म्हणूनच बापानं त्याला शिकवलं, मग तो शेतात नाही म्हणून त्यालाच रागावणं बरोबर नाही. दुसरा आक्षेप असा, की त्याचे विचार उसने असतात. असतील; पण जात्यावरच्या ओव्या तरी प्रत्येक बाईनं स्वतः कुठं रचल्या होत्या? त्याही या तोंडातून त्या तोंडात गेल्या. फरक एवढाच, की ओवी म्हणताना हात जातं ओढत होते आणि खाली पीठ पडत होतं. उसनेपणाचा दोष मला तितका मोठा वाटत नाही. पीठ पडत नाही, ही खरी अडचण आहे.

आणि ही अडचण नीट दिसते ती त्याच घरातल्या दुसऱ्या पदवीधराकडं पाहिल्यावर. बहिणीनंही त्याच विद्यापीठाची पदवी घेतलेली असते, बऱ्याचदा त्याच्याहून जास्त गुणांनी. थांबलेली तीही असते, पण तिच्या थांबण्याला ‘तयारी’ म्हणत नाहीत, ‘स्थळं पाहू राह्यलो’ म्हणतात. तिला आयुष्याचे धडे सुचत नाहीत असं नाही. भाकरी, धुणं आणि वेचणी यांत ते लिहायला वेळ उरत नाही. १ मे १९८३ ला नागपूरपासून वेगळ्या झालेल्या या विद्यापीठाला पुढं ज्यांचं नाव मिळालं, ते गाडगेबाबा शाळेची पायरी न चढलेले. लेकरांना शिकवा म्हणून ते गावोगाव सांगत फिरले, पण त्यांचा क्रम ठरलेला होता: दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं, कीर्तन रात्री. आमच्या पदवीधरानं फक्त हा क्रम उलटा केला, आणि खराट्याची पाळी बहिणीवर सोडली. त्याला स्टेटस बंद कर असं मी म्हणणार नाही. आईवर लिहायचंच असेल, तर यंदा फोटो उसना न घेता वेचणीच्या दिवशी शेतात जाऊन तिच्याच हातांचा काढावा. आणि शेतापर्यंत गेलाच आहे, तर कमरेला ओटी बांधायला हरकत नाही.