जीभ कुठे ठेवू?

देवळी-पुलगावच्या पट्ट्यात कुणी ‘इंग्रजीत एम.ए.’ झाला, की तो सार्वजनिक मालमत्ता होतो. कीटकनाशकाच्या डब्यावरचं बारीक लिखाण, पीकविम्याचा मेसेज, दवाखान्याची फाईल, जावयाच्या कंपनीचं पत्र, सगळं त्याच्या पुढ्यात येऊन पडतं. यात गावाचं काही चुकत नाही. गावाला ठाऊक नसतं ते एवढंच, की या एम.ए.त भाषाविज्ञान नावाचा एक पेपर असतो. तो घेणारा माणूस वाचत कमी आणि आरशासमोर आ वासून आपली जीभ नेमकी कुठे टेकते ते पाहत जास्त बसतो.

मीही बसलो. इंग्रजांचा ट हा आपला ट नव्हे. त्यासाठी जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवायचं असतं. आमची जीभ दातांवर जाते, तर त होतो. मागे वळते, तर ट होतो. मधे थांबायची तिला सवयच नाही. माझा हा सराव दोन दिवस पाहून आईनं मुकाट्यानं लवंग आणून दिली. मग पी या आवाजाची पाळी आली. इंग्रज माणूस ‘पेन’ म्हणतो तेव्हा ओठांतून हवेचा झोत निघतो, म्हणून तोंडापुढे कागदाची पट्टी धरून ती हलते का ते पाहायचं. ओसरीवर बसलेल्या आबाजींनी बराच वेळ हे पाहिलं आणि विचारलं, “कायचं शिक्षन होय बे हे, कागद फुकाचं?”

मी शिकलो वर्ध्याला, आणि तेही इंग्रजी, म्हणजे उलटी गंगाच. १९३७ च्या ऑक्टोबरात इथेच शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष, झाकीर हुसेन समिती, तिचीच योजना पुढे ‘वर्धा योजना’ म्हणून गाजली. सात वर्षांच्या शिक्षणाचा हिशेब असा, की मॅट्रिकपर्यंतचं ज्ञान घ्या, त्यातून इंग्रजी वजा करा आणि एक हस्तोद्योग मिळवा. राष्ट्रभाषा प्रचार समिती त्याच्या आदल्या वर्षीपासून इथे, आणि टेकडीवर आता अख्खं हिंदी विश्वविद्यालय. त्यात १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी चालतं व्हावं हा ठराव वर्ध्यातच केला. म्हणजे आमच्या गावानं अभ्यासक्रमातून इंग्रजी आणि देशातून इंग्रज, दोन्ही काढायची तयारी केली होती. मात्र ठरावाचा मसुदा इंग्रजीत होता. बरोबरच आहे. ज्याला जा म्हणायचं, त्याला कळायला नको?

जाताना इंग्रज आमच्या पाट्यांवर एक कोडं ठेवून गेले. वर्ध्याचा व डब्ल्यूनं लिहितात आणि विदर्भाचा व्हीनं. आमच्या तोंडात दोन्ही व एकच. इंग्रजांना मात्र दोन लागतात. एकासाठी ओठांचा चंबू करायचा, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर घासायचे. मराठी व यांच्या अधेमधे असतो: दात ओठाच्या जवळ जातात, पण घासत नाहीत. त्यामुळे ‘वर्धा विदर्भात आहे’ एवढं साधं विधान निर्दोष इंग्रजीत करायचं, तर आधी चुंबनाचा आणि लगेच चावण्याचा अभिनय करावा लागतो. हे मी एस.टी.त पुटपुटत असे. शेजारची सीट बहुधा रिकामी राही.

आणि ज्या उच्चारासाठी हा आटापिटा, तो प्रमाण ब्रिटिश उच्चार खुद्द ब्रिटनमध्ये शंभरातले जेमतेम तीन लोक करतात, असा तिथल्याच भाषाशास्त्रज्ञाचा जुना अंदाज आहे. हे शेवटच्या सत्रात समजलं. पहिल्या सत्रात सांगितलं असतं तर लवंगा वाचल्या असत्या.

खरा दगा या विषयानं पुढे दिला. मी गेलो होतो तोंडातली वऱ्हाडी धुऊन काढायला. शाळेत ‘डोया’ म्हटलं म्हणून गुरुजींच्या छड्या खाल्लेल्या. आणि इथे पुस्तक म्हणतं, कुठलीच बोली अशुद्ध नसते, नियम फक्त वेगळे असतात! आम्ही ळ चा य करतो, डोळ्याचा डोया, शाळेची शाया. फ्रेंचांनीही आपल्या एका जुन्या ल-जातीच्या आवाजाचा य करून टाकला. तो पॅरिसमध्ये फ्रेंच म्हणून मिरवतो आणि आर्वीत गावठी ठरतो, याला भाषाशास्त्रीय कारण नाही, दुसरी कारणं आहेत. ग्रिअर्सनसाहेबानं भारताच्या भाषांची पाहणी केली, त्यातला मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी आहे, नागपुरीही आहे. नमुना म्हणून साहेब प्रत्येक बोलीत बायबलातल्या उधळ्या पोराची गोष्ट उतरवून घेई. बापाची इस्टेट उडवून आलेला तो पोरगा छापील पुस्तकात आमच्या बोलीत माफी मागतो. गुरुजींनी ते पाहायला हवं होतं.

भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीची मात्र भीती वाटली नाही. वाक्याचं झाड तो मुळं वर, फांद्या खाली असं काढतो. वर्गातली पोरं बावरली. पण गीतेच्या पंधराव्या अध्यायातला उलटा अश्वत्थ, गीता ऐकत पवनारच्या आसपास वाढलेल्या माणसाला नवा नसतो. आम्ही शेंड्यावर वाक्य टांगलं आणि खाली क्रियापदं तोडत बसलो.

आता मी दहावीच्या पोट्ट्यांची शिकवणी घेतो. कन्टिन्युअस टेन्स शिकवायला वर्ध्यासारखी जागा नाही. ‘जाऊन राह्यलो’ला बाकी महाराष्ट्र हसतो, पण तो प्रयोग थेट ‘आय ॲम गोइंग’च्या मापाचा आहे. राह्यलो आलं की आयएनजी लाव, एवढं सांगितलं आणि वर्ग तयार! दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्यांत ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’.

मी म्हटलं, “इथं नाही चालत. समजणं ही इंग्रजीत क्रिया नाही, अवस्था आहे. ती चालू राहत नाही.”

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. “म्हंजे सर, त्यायले एकदमच समजते?”

“तसं म्हण हवं तर.”

“आमाले तं हळूहळू समजून राह्यलं.”

मी फळा पुसला आणि पॅसिव्ह व्हॉइस काढला.