झाकणाचं भोक

आमच्या भागात भोक हा शत्रूच. धाराशिवच्या माळरानावर पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा टाकेपर्यंत निघूनही जातो. उन्हाळ्यात टँकरमागं रांग लावून आणलेल्या घागरीला केसाएवढी चीर दिसली तरी आईचा जीव खालीवर व्हायचा. मग ती एम-सील मळायला बसे. त्या दोन वड्या एकजीव होईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर पुरणपोळीची कणीक मळतानाचीच एकाग्रता असे. बादली, घागर, न्हाणीतला पत्र्याचा पिंप, घरातल्या यच्चयावत भोकांवर तिची करडी बोटं उमटलेली होती.

वडिलांची लूना होती. 1972 साली नगरच्या किनेटिकनं काढलेली ही पन्नास सीसीची गाडी म्हणजे सायकलीला पहाटे पडलेलं मोटारीचं स्वप्न. स्वप्न मोडलं तर पायडल मारत घरी यायची सोय होतीच. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळं प्लग देवळीतल्या दिव्यासारखा काजळी धरायचा, आणि रविवारी वडील पॉलिश पेपर घेऊन त्याची सेवा करत. इंजिन अडलं की तीनच प्रश्न विचारायचे, असं ते सांगत: पेट्रोल येतंय का, करंट येतोय का, हवा मिळते का. पहिल्या दोन प्रश्नांत ते असे रमत, की तिसऱ्यापर्यंत पोचायचंच राहून जाई.

एका नवरात्रात आम्ही दोघं तुळजापूरला निघालो. वीस-बावीस किलोमीटरची वाट, पण लूना दर चार-पाच किलोमीटरला हुंदका देऊन थांबू लागली. वडील झाकण उघडत, टाकीत डोकावत, गाडी हलवून पेट्रोलचा खळखळाट ऐकत, झाकण लावत. गाडी सुरू! हिला कुणी डोकावून पाहिल्याशिवाय चालवत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आमची एक आत्या तशीच होती, चारदा विचारल्याशिवाय ताटावर बसत नसे. पायी निघालेले एक आजोबा प्रत्येक थांब्याला आम्हाला गाठत आणि आम्ही पुन्हा त्यांना मागं टाकत असू. तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, “मास्तर, मी होतो म्होरं. देवीला सांगून ठेवतो, तुमी निघालाय म्हणून.”

घरी आल्यावर अंगणात पेपर अंथरून लूनाचं पोट उघडलं गेलं. नट-बोल्ट परातीत. प्लग काढून, त्याला कॅप लावून, त्याची कड इंजिनाला टेकवली; मी पायडल फिरवलं आणि टिच्चून निळी ठिणगी पडली. कार्बोरेटरचा जेट उजेडात धरून पाहिला, फुंकला. सगळं ठणठणीत. निरोगी माणसाला तपासून थकलेल्या वैद्यासारखे वडील टेकले, आणि उगीच पुन्हा टाकीचं झाकण फिरवलं. फस्स! टाकीनं सुस्कारा सोडला.

वडिलांनी झाकण उलटं केलं. वरून टाचणीच्या टोकाएवढं भोक असायचं, त्या जागी करडा ठिपका होता.

“ते व्हय,” आई दारातून म्हणाली, “त्याला भोक पडलं होतं. पावसाचं पाणी आत जाईल म्हणून मीच बुजवलं. एवढं महागाचं पेट्रोल!”

पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि भरल्या टाकीखाली इंजिन उपाशी राहतं. झाकण उघडलं की हवा शिरते, पुढचे चार किलोमीटर निघतात. वडिलांनी हे सगळं आईला समजावून सांगितलं असतं, आवाजही चढवला असता. तेवढा त्यांचा हक्क होता. पण ते त्या ठिपक्यावरच्या तिच्या बोटाच्या ठशाकडं बराच वेळ पाहत राहिले. किती नीट बुजवलं होतं! कडेनं पाण्याचा हात फिरवून, घागरीला करावं तसं.

“वाकळंची सुई दे बरं,” एवढंच म्हणाले.

तिनं ती दिली. भोक मोकळं झालं, सुई पदराला पुसून परत डब्यात गेली. त्या हिवाळ्यात शिवलेल्या वाकळीला पेट्रोलचा वास येतो, असं वडील पुढं कितीतरी वर्षं म्हणत. पांघरायला मात्र तीच घेत. मला तो वास कधी आला नाही.